पाण्याची रेघ

तेजस्विनीला पगार मिळायचा तो दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, तेही बहुतेक दिवस घरी बसूनच. कुठलं बटण दाबलं की काय बिघडतं, हे तिला ते बटण दाबायच्या आधीच दिसायचं. अशी नजर माणसाला नोकरीत फार वर नेते. घरात मात्र ती काढून ठेवावी लागते आणि तेजस्विनीला नेमकं तेच जमत नव्हतं. भाजीवाल्याचा काटा, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर, भिंतीवरचं कॅलेंडर, काही म्हणून तिच्या हातून सुटायचं नाही. मंदार, तिचा नवरा, बँकेत अधिकारी होता. नागपूरहून बदली होऊन तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब इथे आलं होतं. तेजस्विनी कॉलर नीट करते, हे त्याने कधीच मनावर घेतलं नाही. आभाचं तसं नव्हतं.

आभा आठ वर्षांची. गेल्या गणपतीत तिने एकटीने मखर केलं होतं. कागदी ताटल्या, आइस्क्रीमच्या काड्या आणि पिवळा घोटीव कागद, सगळं मिळून दीडशे रुपयांचं सामान. मधोमध सूर्य होता आणि त्याची किरणं कुठे वीतभर, कुठे बोटभर, एक तर चक्क वाकलेलं. आभा शाळेत गेल्यावर तेजस्विनीने ती किरणं हलक्या हाताने सोडवली, पट्टीने मोजून नवी कापली आणि चिकटवली. तिचा हेतू वाईट नव्हता. महाराष्ट्र मंडळाची मंडळी संध्याकाळी आरतीला येणार होती आणि लेकीचं कौतुक व्हावं एवढंच तिच्या मनात होतं. कौतुक झालंही. मखर कोणी केलं असं विचारल्यावर तेजस्विनी म्हणाली, "आमच्या आभाने." आभा प्रसादाची वाटी हातात घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "नाही. आईने केलंय."

ती रडली नाही, रुसली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने आईसमोर कागदाला हात लावला नाही. शाळेतून काही करून आणायला सांगितलं तर ती बाबाला बाजारातून तयार वस्तू आणायला सांगायची. तेजस्विनी रंगीत कागद पुढ्यात ठेवून बघायची, मुद्दाम काहीतरी करत बसायची. आभा तिच्याकडे बघून "छान आहे" म्हणायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. पाच महिने असे गेले. आभाने पुन्हा एकदा आपल्या शेजारी बसून काहीतरी करावं, याखेरीज तेजस्विनीला आता काहीच नको होतं आणि हे कोणाला सांगायचीही तिला लाज वाटत होती.

म्हणून तिने हा घाट घातला. सोसायटीतल्या सगळ्याच मुलांना गोळा करायचं, स्वस्तातल्या सामानातून सोप्या वस्तू करायला शिकवायच्या. सतरा-अठरा मुलांच्या घोळक्यात आभालाही बसावंच लागेल. बसली की हात आपोआप चालेल. दिवस सरस्वतीपूजेचा ठरवला, कारण त्या दिवशी सगळ्या शाळांना सुट्टी असते. देवीचं वाहन हंस, तेव्हा कागदी ताटलीचा हंस करायचा. एस्प्लनेडच्या फुटपाथवरून तिने घोटीव कागदाचे ताव, ताटल्या, डिंकाच्या बाटल्या आणि दोन पांढरे चार्ट पेपर आणले. हंसाचा साचा पुठ्ठ्यावर आखला, मान तीनदा बदलली आणि मग पसंत केली. सतरा साचे, सतरा पेन्सिली, सतरा बोथट टोकाच्या कात्र्या, सहा पट्ट्या, सगळं एका पत्र्याच्या पेटीत नीट लावून ठेवलं. मंदार म्हणाला, "एवढी तयारी आमच्या ऑडिटलाही नसते गं." ती हसली नाही, कारण ती पट्ट्या मोजत होती.

पूजेच्या दिवशी सकाळी मंदार आभाला पुष्पांजलीसाठी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन गेला. आभाने पिवळा परकर-पोलका घातला होता आणि तिच्या हातात भली मोठी कापडी पिशवी होती. पुस्तकं असतील, असं मंदारला वाटलं. त्याने ती उचलूनही दिली आणि जड आहे, असं फक्त म्हणाला.

दुपारी चारला तेजस्विनी सामानाच्या पिशव्या घेऊन हॉलमध्ये उतरली. एका टोकाला देवी बसली होती, पांढरीशुभ्र, हातात वीणा. पंगती उठून गेल्या होत्या तरी खिचडीचा वास हॉलभर दरवळत होता. दुसऱ्या टोकाला सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर मुलं बसली होती, सगळी पिवळ्या कपड्यांत. छोट्या मुलींनी साड्या नेसल्या होत्या आणि त्या सतत सुटत होत्या. आभा मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसली होती. ती आली होती, हेच तेजस्विनीला खूप होतं. तिने पिशव्या सोडल्या आणि पत्र्याच्या पेटीसाठी आजूबाजूला पाहिलं. पेटी नव्हती.

तिने दोनदा शोधली. घरी राहिली म्हणावं तर कपाटातला तिचा कोपरा सकाळीच रिकामा दिसला होता, आणि मंदारने खाली नेली असेल असं धरून ती निघाली होती. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका मुलीने देवीकडे बोट दाखवलं. देवीच्या पायाशी पुस्तकांचा ढीग होता. गणिताची, भूगोलाची पुस्तकं, पेनं, एक तबला, कोणाचा तरी लॅपटॉप. त्या सगळ्याखाली, अर्धवट दिसणारी, झेंडू वाहिलेली तिची पेटी होती.

तेजस्विनी तिकडे निघाली तशी मृणालदी आडव्या आल्या. त्या तळमजल्यावर राहायच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सोसायटीची पूजा त्यांच्या शिस्तीने चालायची. सगळी मुलं त्यांना दीदा, म्हणजे आजी, म्हणत. तेजस्विनीशी त्या हिंदीत बोलत, बंगाली वळणाच्या.

"आज नहीं, तेजस्विनी. जो माँ के पास रख दिया, वो कल मिलेगा."

"पर दीदी, उसमें तो मेरा सब सामान है. पेन्सिल, कैंची, सब."

"पेन्सिल?" मृणालदींना खरंच आश्चर्य वाटलं. "आज के दिन बच्चा लोग पेन्सिल कैसे पकड़ेगा?"

मग त्यांनी समजावलं. इथे या दिवशी कोणी लिहीत नाही, वाचत नाही. ज्याने आपण शिकतो ते सगळं देवीपाशी ठेवायचं आणि तिला वाटेल तसं बघू द्यायचं. उद्या सकाळी दही-पोह्यांचा नैवेद्य झाला की मुलं बेलाच्या पानावर देवीचं नाव लिहितील, मगच वह्या-पुस्तकं घरी जातील. तेजस्विनी तीन वर्षं या शहरात राहत होती. दर वर्षी या दिवशी तिने खिचडी खाल्ली होती, फोटो काढले होते. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात आणि लगेच पाटीवर लिहायला बसवतात, तसंच इथेही असेल असं ती धरून चालली होती. कोणाला विचारायची गरज तिला वाटली नव्हती. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईची ही चूक सतरा मुलांच्या समोर उघडी पडली होती.

ती खिडकीपाशी गेली आणि आभासमोर उकिडवी बसली.

"पेटी तू ठेवलीस?"

"हो."

"तुला माहीत होतं आज पेन्सिल धरत नाहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस, बाळा?"

आभाने थोडा विचार केला. "तू विचारलंच नाहीस ना. आणि दीदा म्हणाल्या, ज्याचं जे असतं ते ठेवायचं. बाबाने कॅल्क्युलेटर ठेवला. तुझं तेच आहे." मग खाली बघत ती म्हणाली, "एक दिवस त्याला पण सुट्टी."

तेजस्विनीला राग यायला हवा होता. आला नाही. तिला एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही तिने गिळलं, कारण मुलं चुळबुळायला लागली होती आणि दोघं ताटल्या फेकत होते. ती उठली. साचा नाही, पेन्सिल नाही, कात्री नाही. कागद, डिंक, ताटल्या आणि बोटं धुवायला आणलेली पाण्याची पातेली, एवढंच उरलं होतं. आज काहीच होणार नाही, घरी जा, हे वाक्य तिने मनात हिंदीत जुळवलं. बोलणार तेवढ्यात मागून आभाचा आवाज आला.

"मी दाखवू?"

आभाच्या आवाजातला हा सूर तेजस्विनीने पाच महिन्यांत ऐकला नव्हता. ती मान हलवून बाजूला झाली.

आभा पातेलं घेऊन सतरंजीच्या मधोमध येऊन बसली. निळ्या घोटीव कागदाचा एक ताव घेतला आणि पांढरी बाजू वर करून ठेवला. उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात बुडवलं, झटकलं आणि कागदावर टेकवलं. मग ते बोट निघालं. खालून वर गेलं, वर जाऊन गोल वळलं, खाली उतरलं, पोटाशी रुंद झालं आणि शेपटीकडे जाऊन पुन्हा जिथून निघालं होतं तिथे येऊन मिळालं. मध्ये एकदाही उचललं गेलं नाही. कोरड्या कागदावर ओली करडी रेघ उमटली होती आणि ती रेघ म्हणजे हंस होता. तीनदा बदललेल्या मानेपेक्षा ती मान जिवंत होती.

"लिखा! तूने लिखा!" पुढचा एक लहानगा घाबरून ओरडला. सगळ्यांनी मृणालदींकडे बघितलं. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी कागदाकडे निरखून पाहिलं आणि निर्णय दिला, "जो सूख जाता है, वो लिखना नहीं है."

आभाने कागद दोन्ही हातांत धरला आणि ओल्या रेघेवरून फाडायला सुरुवात केली. आवाज झालाच नाही. ओला कागद कोरड्यासारखा टरकत नाही, तो हळूच सोडून देतो, एकेक तंतू सोडत. हंस कागदातून बाहेर आला तेव्हा तिने तो उलटा केला. निळा हंस होता आणि त्याच्या कडेने सगळीकडे मऊ पांढरी झालर फुटली होती, कुठे जाड, कुठे बारीक. पिसंच होती ती. कात्रीने अशी कड कधीच येत नाही, हे तेजस्विनीला माहीत होतं. आजवर अशा कडेला ती खराब कड म्हणत आली होती.

"अपनी तरफ फाड़ो तो सफेद आता है," आभा मुलांना सांगत होती. "उस तरफ फाड़ो तो नहीं आता. और जल्दी करना, रेघ सूख जाती है."

मग सतरा बोटं पाण्यात बुडाली. तेजस्विनीने एवढ्या मुलांना एकत्र एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. रेघ ओढायची आणि ती नाहीशी व्हायच्या आत तिच्यावरून जायचं. खोडायला काही नव्हतं, आणि असतं तरी तेवढा वेळ नव्हता. लाल हंस निघाला, त्याला मानच नव्हती. पिवळा निघाला तो बदकासारखा बुटका. एका मुलीचा हंस फाटून दोन झाला तर तिने एकाला दुसऱ्याच्या पाठीवर बसवलं आणि आई-पिल्लू म्हणून डिंकाने ताटलीवर चिकटवलं. कोणी विचारत नव्हतं, बरोबर आहे का. तेजस्विनी नुसती उभी राहून बघत होती. तिचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. हा सगळा चमत्कार तिच्याच लेकीने पाण्यातून काढला होता, पण तो तिने शिकवलेला नव्हता.

जरा वेळाने ती आभाजवळ जाऊन बसली. फार जवळ नाही.

"हे तू कुठे शिकलीस?"

"बाथरूममध्ये."

"कधी?"

"तू मीटिंगमध्ये असतेस तेव्हा." आभा हिरव्या कागदावर रेघ ओढत होती आणि नजर रेघेवरच होती. "कात्री तुझ्या पेटीत असते ना. म्हणून पाण्याने करून बघितलं. आधी सगळे फाटायचे. मग यायला लागले."

"किती केलेस गं?"

"खूप."

"मग कुठे आहेत ते सगळे?"

"बादलीत टाकते. भिजले की लगदा होतो, मग फेकून देते."

"अगं, का पण?"

आभाने हंस कागदातून सोडवला, उलटा केला आणि झालर बोटाने सारखी केली. "मग ते कोणी नीट करत नाही," ती म्हणाली.

यात तक्रार नव्हती. पेन्सिलीला टोक का करतात हे सांगावं तितक्या सहज तिने सांगितलं होतं. पाच महिने दाराच्या पलीकडे पाण्याचा आवाज यायचा आणि तेजस्विनी हेडफोन बाजूला करून ओरडायची, "आभा, पाणी किती सोडतेस!" तिथे किती हंस निघाले असतील, किती मानांना असं वळण मिळालं असेल, आणि ते सगळे नाल्यातून वाहून गेले होते. तिच्यामुळे गेले होते. एवढं मोठं काहीतरी आपल्याच घरात घडत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. तिला लेकीला पोटाशी धरावंसं वाटलं. पण आभाच्या बोटावर पाणी होतं आणि मांडीवर ओला कागद होता. ती हलली नाही.

सहा वाजत आले तशी मुलं आपापल्या ताटल्या देवीपुढे मांडू लागली. मृणालदी मध्ये मध्ये जागा करून देत होत्या. आभाने पांढऱ्या चार्ट पेपरकडे पाहिलं. तेजस्विनीने तो सूचना लिहायला आणला होता आणि त्यावर आज काहीच लिहिता आलं नव्हतं.

"हा मी घेऊ? मोठा करायचाय."

"घे ना."

आभाने तो सतरंजीवर पसरला. चार्ट पेपर जाड होता. त्यावर पाण्याची रेघ तिने दोनदा फिरवली, गुडघ्यांवर रांगत, पातेलं बरोबर ढकलत. मग एका टोकाला बसून फाडायला गेली तर पलीकडचं टोक उचलून यायला लागलं. तिने दोनदा प्रयत्न केला. मृणालदी तिच्या मदतीला निघाल्या होत्या. आभाने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, तू धर. नुसतं धर हां, ओढू नकोस."

तेजस्विनी पलीकडे जाऊन बसली आणि तिने कागद दोन्ही हातांनी धरला. आभा फाडत फाडत तिच्या दिशेने यायला लागली. शेपटी सुटली, पाठ सुटली. ओल्या कागदाचा थरकाप तेजस्विनीच्या बोटांना कळत होता. लेकीच्या हातात काय चाललंय ते तिला या टोकाला समजत होतं. आणि मानेपाशी आल्यावर तिला दिसलं, की रेघ वाळलीय. वळणावर पाणी कमी पडलं होतं. फाट रेघ सोडून बाहेर निघाली होती. अजून आभाला ते दिसलं नव्हतं. एक बोट जरा वर केलं असतं, कागद एवढासा डावीकडे तिरपा केला असता, तर फाट पुन्हा रेघेवर आली असती. आभाला कळलंही नसतं. तेजस्विनीने श्वास घेतला आणि नुसतं धरून ठेवलं.

फाट भलतीकडे गेली. समोर बघणारी मान मागे मुरडली गेली. मग आभालाही ते दिसलं. तिचे हात थांबले. तिने मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तशीच बघत राहिली.

"चुकलं?" तिने विचारलं.

हॉलमधली मुलं आपापल्या गडबडीत होती. तेजस्विनीने कागदाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला ते कळेना. ते चुकलंय असं म्हणायला तिला जागा सापडेना आणि बरोबर आहे म्हणायला तोंड उघडेना. आयुष्यात पहिल्यांदा तिची नजर नुसतीच बघत होती.

"मला नाही कळत गं, आभा," ती म्हणाली. "तूच सांग."

आभाने डोकं तिरकं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि ती सरकत सरकत आईच्या बाजूला आली, अगदी मांडीला मांडी लागेल इतकी जवळ, म्हणजे दोघींना एकाच बाजूने बघता यावं.

"नाही चुकलं," ती म्हणाली. "तो मागे वळून बघतोय. त्याची आई मागे राहिलीय." आणि तिने पातेलं दोघींच्या मध्ये ओढलं. "आता तिला पण करू. रेघ तू काढ."